मालिकेतली माणसे पोटासाठी करतात तरी काय?



रात्री भाकरी थापता थापता मालिका डोळ्यांपेक्षा कानांनीच अधिक पाहिली जाते, हे आपणांस ठाऊक आहेच. मालिका रचणाऱ्यांनाही ते पक्के ठाऊक आहे. म्हणून एका वाक्यावर ढोल वाजतो आणि एकच चेहरा तीन-तीनदा दाखवतात. चुलीपाशी बसलेलीने उशिरा मान वर केली तरी गोष्ट सापडावी!

पूर्वी अशी रीत नव्हती. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली 'हम लोग' सुरू झाली. बाप दारुडा, थोरल्या मुलाला नोकरी मिळेना, धाकट्या मुलीला डॉक्टर व्हायचे. पैशाची ओढाताण हीच गोष्ट. शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द बोलत. हेतू कुटुंबनियोजन पटवण्याचा. कल्पना मेक्सिकोतल्या मालिकांवरून घेतलेली. पण पहिल्या तेरा भागांत उपदेश इतका झाला की प्रेक्षक कंटाळले. मग उपदेश कमी केला, गोष्ट वाढवली, आणि लोकांनी लाखो पत्रे धाडली. (आमच्या खात्यातल्या भाषणबाजांनी हे भिंतीवर लिहून ठेवावे.) दीडशेच्या आसपास भागांनंतर, १९८५ च्या डिसेंबरात, गोष्ट संपलीसुद्धा.

३ जुलै २००० रोजी 'क्योंकि सास भी कभी बहू थी' आली आणि वारा फिरला. २००८ पर्यंत १८०० हून अधिक भाग! आठवड्यातले चार-पाच दिवस भाग द्यायचा म्हटला की गोष्ट पुढे नेऊन भागत नाही, अडवून धरावी लागते. त्यात जाहिरातींचा पैसा प्रेक्षकांच्या आकड्यावर ठरतो. प्रेक्षक हळहळले की मेलेला माणूसही परततो. मिहीर असाच परतला. विराणींचा मोठा धंदा, पण कामाला हात लागलेला क्वचितच दिसे. भांडण घरातल्या मानाचे, आणि तेही बाईने बाईशी करायचे.

मराठीत 'तुझ्यात जीव रंगला' २०१६ ते २०२१ चालली. कोल्हापूरकडचा शेतकरी पहिलवान राणा आपण कौतुकाने पाहिला. शेत दिसले, तालीम दिसली, बोली कानाला गोड लागली. पुढे मात्र शेत मागे पडले आणि वहिनीसाहेबांची कारस्थाने पुढे आली.

मुलीबाळी हे रोज पाहतात. आज मालिका लागली की त्यांना एवढेच विचारा, या घरचा खर्च कोण चालवते? एका वस्तीवर मी विचारले, तेव्हा सातवीतली पोर म्हणाली, "साहेब, यांच्याकडे गोठाच नाही. मग रोज एवढा चहा कुठल्या दुधाचा करतात?"