नाव आहे, हुद्दा नाही

प्रतीकविचार शिकवताना मी कवितेबरोबर वस्तूंचीही उदाहरणे घेतो. त्यांतले एक म्हणजे पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या घरी ब्रिटिश सरकारने पाठवलेले ब्राँझचे स्मृतिपदक. ते छातीवर लावायचे नव्हते, घरात ठेवायचे होते. त्याचा व्यास सुमारे १२ सेंटिमीटर. १९१७ मध्ये त्यासाठी स्पर्धा जाहीर झाली, आठशेंहून अधिक नमुने आले आणि लिव्हरपूलचे शिल्पकार एडवर्ड कार्टर प्रेस्टन यांचा नमुना निवडला गेला.

पदकावर उभी असलेली ब्रिटानिया म्हणजे मानवीरूप दिलेले ब्रिटन. एका हातातला त्रिशूळ आणि भोवतीचे दोन डॉल्फिन तिची सागरी सत्ता सांगतात. पुढचा सिंह तिचे बळ आहे. तळाशी दुसरा, छोटा सिंह शत्रूच्या गरुडाला फाडतो आहे. दुसऱ्या हातातला लॉरेलच्या पानांचा मुकुट ती एका चौकटीवर धरते. त्या चौकटीत सैनिकाचे नाव आहे. कडेने इंग्रजी मजकूर आहे : तो स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मरण पावला. पेनी नाण्यावरही ब्रिटानियाच असे, म्हणून लोक या पदकाला ‘मेलेल्याची पेनी’ म्हणू लागले.

मला मात्र सर्वांत बोलके वाटते ते पदकावर नसलेले. नावापुढे हुद्दा नाही. सेनापती असो वा साधा शिपाई, बलिदानात उच्चनीच नाही, हा त्यामागचा हेतू. सैनिकांमधला बंधुभाव येथे चित्रातून नव्हे, गाळलेल्या शब्दातून व्यक्त होतो.

अशी पदके हिंदी सैनिकांच्या घरीही आली. १९१५-१६ मधल्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणीही होत्या. ज्या घरात रोमन लिपी कोणाला वाचता येत नव्हती, तिथे मुलाचे नाव त्याच लिपीत पोहोचले. शिवाय ‘स्वातंत्र्य’ हा शब्द परतंत्र देशातल्या उंबऱ्यावर आला. लंडनमध्ये तो सरळ होता; इथे त्याला उपरोधाची धार चढली. शब्द तोच राहिला, वाचणारा बदलला.

याच्या शेजारी आपला वीरगळ ठेवून पाहावा. गोव्यापासून बेळगावपर्यंत तो गावोगाव दिसतो. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे कीर्ती ते असेतोवर टिको. बहुतेक वीरगळांवर एकही अक्षर नाही, तरी निरक्षर माणूस तो खालून वर वाचू शके. पण वीराचे नाव बहुधा हरवलेले असते. पदकाने नाव राखले, पण घरच्यांना कळेल अशी भाषा राखली नाही. वीरगळाने भाषा राखली, नाव राखले नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगतो, ‘या चिन्हाचा अर्थ काय’ एवढ्यावर थांबू नका. ते कोणासाठी घडवले आणि कोणाच्या हाती पडले, हेही विचारा. प्रतीकाचा अर्धा अर्थ त्या दोन उत्तरांच्या मधल्या अंतरात असतो.