रडू नकोस, असे म्हणण्यापूर्वी

‘रडू नकोस’ हे वाक्य आमच्या दवाखान्यात दिवसातून कितीदा बोलले जाते, याची मोजदाद नाही. सुई पाहून भोकाड पसरणाऱ्या पोराला आई ते सांगते. वडिलांच्या आजाराचे नाव ऐकून डोळे पुसणाऱ्या लेकीला भाऊ ते सांगतो. नुकत्याच बाळंत झालेल्या सुनेला सासूबाई सांगतात आणि वर पुस्ती जोडतात, ‘‘रडलीस तर दूध आटेल!’’ सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण माझी अडचण वेगळी असते. नाडी, जीभ, ताप यांच्याप्रमाणे रडणेही डॉक्टरला काहीतरी सांगत असते आणि ते सांगून होण्याआधीच कोणीतरी ते बंद पाडते.

वाचकहो, आपल्या मराठीने रडण्याचे किती बारीक भेद केले आहेत पाहा. अंगात कणकण असलेले मूल किरकिरते. हट्टाला पेटलेले मूल भोकाड पसरते. नवी नवरी माहेरच्या आठवणीने मुसमुसते. अपमान गिळलेला माणूस कोपऱ्यात स्फुंदतो. घरातला कर्ता गेला की हंबरडा फुटतो. ही निव्वळ शब्दांची श्रीमंती नाही. हे एक प्रकारचे निदानच आहे. ‘‘डाक्टरसाहेब, पोऱ्या रातभर रडस,’’ असे सांगत आलेली आई पुढे जेव्हा म्हणते, की हे भुकेचे रडणे नाही, याला काहीतरी दुखते आहे, तेव्हा मी तिचे म्हणणे मन लावून ऐकतो.

भरतमुनींची यादी

संतवाङ्मयात आपण ‘अष्टसात्त्विक भाव’ हा शब्द वाचतो. त्याचे मूळ भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आहे. घाम, रोमांच, कंप, स्वरभंग अशा आठ भावांत अश्रू हा एक. अश्रू कशामुळे येतात, याची कारणेही तेथे दिली आहेत. आनंद, संताप, भय आणि शोक ही त्यांत आहेतच. पण त्याच यादीत धूर, अंजन, जांभई, थंडी, रोग आणि टक लावून पाहणे हीसुद्धा आहेत! नाटकाच्या ग्रंथातली ही यादी आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पुढे ठेवून अश्रूंचा धडा शिकवता येईल.

वरच्या पापणीच्या आत, बाहेरच्या कोपऱ्यात अश्रुग्रंथी असते. दिवसभर ती थोडे थोडे पाणी पाझरत असते आणि प्रत्येक उघडझापीबरोबर बुबुळावर त्याचा पातळ थर पसरतो. हा थर म्हणजे साधे पाणी नव्हे. त्यात खाली चिकट स्राव, मध्ये पाणी आणि वर तेलाचा पापुद्रा असतो. अश्रूंत जंतुनाशक द्रव्यही असते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली या ‘लायसोझाइम’ची माहिती प्रसिद्ध केली, म्हणजे पेनिसिलीनच्या शोधाच्या सहा वर्षे आधी. वापरून झालेले पाणी पापणीच्या आतल्या कोपऱ्यातील बारीक छिद्रांतून नाकात उतरते. म्हणून रडताना नाक वाहते आणि डोळ्यांत घातलेल्या थेंबांची कडू चव घशात लागते.

दुसरे अश्रू बचावाचे. हिवाळ्यात नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते, तेव्हा वाऱ्याबरोबर येणारा ठसका आपल्याला नवा नाही. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य डोळ्यांतील दुखण्याच्या नसांना चेतवते आणि डोळा पाण्याने ते धुऊन टाकू पाहतो. सातपुड्यातील घरांत चुलीचा धूर हेच करतो. अशा वेळी डोळा चोळू नये. आधी हात साबणाने धुवावेत, कारण मिरचीचा अंश नुसत्या पाण्याने निघत नाही. मग स्वच्छ पाण्याचे भरपूर हबके डोळ्यांवर मारावेत. मिरचीच्या कामावर जाणाऱ्या भगिनींनी चष्मा आणि तोंडाला फडके वापरले तर निम्मा त्रास कमी होईल.

‘टक लावून पाहणे’ हे भरतमुनींचे कारण तर आज घरोघरी दिसते. मोबाइलकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो आणि मग एकदम पाणी येते. उतारवयातही डोळा कोरडा पडल्यामुळेच पाणी गळू शकते. अशा वेळी औषधांच्या दुकानातून कोणतेही थेंब मनाने आणून घालू नयेत. काही थेंबांत स्टिरॉइड असते. त्याने आज बरे वाटते. पण काचबिंदूचा धोका वाढतो.

तिसरे अश्रू मनाचे. इतर प्राण्यांनाही दुःख होते आणि तेही ओरडतात. पण भावनेने डोळ्यांतून पाणी वाहणे हा माणसाचाच विशेष मानला जातो.

तान्ह्या बाळाचे रडणे

जन्मल्यावर बाळ टाहो फोडते. पण पहिल्या काही आठवड्यांत त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळत नाही. त्यात काळजीचे कारण नाही. साधारण दीड महिन्याच्या सुमारास बाळाचे रडणे सर्वांत जास्त असते, मग ते कमी होत जाते. पोटभर दूध पिणारे, वजन वाढणारे बाळ संध्याकाळी थोडे रडले तर त्याला गुटी, भस्म किंवा झोपेचे औषध पाजू नये. रडत नसतानाही एका डोळ्यातून सतत पाणी येत असेल, तर अश्रूंची नळी पूर्ण उघडलेली नसते. बहुतेक बाळांची ती वर्षभरात आपोआप मोकळी होते. डोळ्याच्या कोपऱ्याशी मालीश कशी करायची ते डॉक्टरांकडून शिकून घ्यावे आणि काजळ घालणे बंद करावे.

मात्र आपल्या जिल्ह्यात एका रडण्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. सहा महिने ते दोन वर्षांचे मूल उचलून घेतल्यावरही किंचाळते, त्याचे हाताचे पंजे किंवा पावले सुजलेली असतात, हात लावू देत नाही. घरचे म्हणतात, पडले असेल, मुरगळले असेल. ही सिकलसेलची पहिली खूण असू शकते. धडगाव, अक्कलकुवा भागात आणि एकूणच आपल्या आदिवासी बांधवांत हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्या वेदना मोठ्या माणसालाही सोसवत नाहीत. बाळाजवळ तर त्या सांगायला रडण्याशिवाय दुसरी भाषाच नाही.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारांत एक असते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. तेव्हा तपासणीला टाळाटाळ करू नका. आजार लवकर कळला तर लसी, फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सीयुरिया यांमुळे मुलाच्या वेदना पुष्कळ कमी होतात. सिकलसेलच्या मुलाला ताप आला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पुस्तक वाचून येणारे पाणी

मोठ्या माणसाच्या रडण्याकडे वळताना साहित्याची आठवण होते. आपण पैसे देऊन नाटक-सिनेमाला जातो आणि रुमाल भिजवून समाधानाने परततो. हे कसे? भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त एक पात्र म्हणते की रस मुळात करुण हा एकच, बाकीचे त्याचीच रूपे. विद्वानांनी यावर पुष्कळ वाद घातला. मला त्यातला एवढाच भाग कळतो, की दुसऱ्याच्या दुःखासाठी रडताना माणसाला आपल्याही दुःखाची वाट मोकळी करता येते आणि कोणी ‘का रडतोस?’ असे विचारत नाही.

आपल्या खानदेशाला तर हे सांगायलाच नको. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि त्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. घरातले करडे आजोबाही हे पुस्तक वाचताना चष्मा काढून पुसतात. गुरुजींच्या हळवेपणाची थट्टाही झाली. पण ज्या माणसाने अवघ्या महाराष्ट्राला मोकळेपणी रडायला शिकवले, त्याने ११ जून १९५० रोजी स्वतःचे जीवन स्वतःच संपवले. एवढ्या मोठ्या माणसाच्या मनाचे निदान करण्याचा मला अधिकार नाही. मी त्यातून डॉक्टर म्हणून एकच गोष्ट घेतो : माणूस सहज रडतो म्हणजे त्याचे मन मोकळे झाले, असे गृहीत धरू नये.

अश्रूंवाटे शरीरातील विष बाहेर पडते, असे पुष्कळदा लिहिले जाते. त्याला खात्रीचा पुरावा नाही. काही अश्रू तर नाकावाटे घशातच उतरतात! रडल्यावर हलके वाटते हे मात्र खरे. पण प्रत्येक वेळी नाही. या विषयाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना असे दिसले, की रडताना जवळ कोणी आपले माणूस असेल, त्याने धीर दिला असेल, तर बरे वाटते. चारचौघांत लाजवले गेले, हसे झाले, तर उलट अधिकच वाईट वाटते. म्हणजे औषध पाण्यात नाही, पाठीवरच्या हातात आहे.

कोरडे डोळे

बहिणाबाई चौधरींना तिशीच्या आसपास वैधव्य आले. त्यानंतरच्या एका गाण्यात त्यांनी अश्रू संपून गेल्यावरच्या अवस्थेचे वर्णन केले आहे. ही अवस्था मला दवाखान्यात पुरुषांत अधिक दिसते. लहानपणी मुलगा आणि मुलगी सारखेच रडतात. पुढे मुलग्याला ‘पोरीसारखा काय रडतोस’ असे सांगून आपण त्याचे रडणे बंद करतो. तो मोठा होतो. कापूस हातचा जातो, मिरचीवर रोग पडतो, देणे थकते. मग तो माझ्याकडे येतो. पण दुःख घेऊन नव्हे. छातीवर दडपण, पोटात गॅस, झोप नाही, अंग मोडून आल्यासारखे, अशा तक्रारी घेऊन येतो.

छातीच्या तक्रारीत आधी हृदयच तपासावे लागते, त्यात हयगय नको. सर्व तपासण्या चांगल्या आल्या की मी विचारतो, ‘‘घरी कसं चाललंय?’’ पुष्कळदा तो दाराकडे पाहू लागतो, हनुवटी थरथरते आणि तो म्हणतो, ‘‘डोळ्यांत कचरा गेला वाटतं.’’ मी होय म्हणतो आणि थोडा वेळ काही लिहीत बसतो. त्या पाच मिनिटांत जे बाहेर येते ते कोणत्याही रिपोर्टमध्ये नसते.

केव्हा डॉक्टरांकडे यावे?

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाईला कारण नसताना रडू येणे सर्वसाधारण आहे. आठ-दहा दिवसांत ते थांबते. रडल्याने दूध आटत नाही. फार ताण असेल तर उतरायला थोडा वेळ लागतो, इतकेच. पण दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, बाळाकडे पाहावेसे वाटत नसेल, झोप उडाली असेल, तर तो नखरा नाही, बाहेरची बाधाही नाही. तो आजार आहे आणि तो बरा होतो.

पक्षाघातानंतर काही रुग्ण क्षुल्लक कारणाने हमसून रडतात किंवा एकाएकी हसतात. मेंदूतील नियंत्रण सैल झाल्यामुळे असे होते. घरच्यांनी चिडू नये, डॉक्टरांना सांगावे; यावर औषधे आहेत.

घरातील कोणीही सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, कशात रस घेत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, ‘माझ्यावाचून तुमचे काही अडणार नाही’ अशी भाषा बोलत असेल, तर वाट पाहू नये. आधी फार रडणारा माणूस एकाएकी अगदी शांत झाला, देणी-घेणी आवरू लागला, तर त्याला एकटे सोडू नये. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो हा गैरसमज आहे. उलट कोणीतरी विचारले याचा आधार वाटतो. जिल्हा रुग्णालयात दाखवावे. १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली.

या आठवड्यात एवढेच करून पाहा. घरात कोणी रडताना दिसले, तर ‘रडू नकोस’ हे ओठांवर आलेले शब्द क्षणभर थांबवा. जवळ बसा. पाण्याचा पेला द्या. मग विचारा, ‘‘काय झालं?’’ आणि उत्तर यायला वेळ लागला, तर लागू द्या.