स्नायूंना ताकद कुठून मिळते?

सजद्यातून उठून उभे राहताना आपल्या मांड्यांचे मोठे स्नायू आखडतात, गुडघे सरळ होतात आणि अख्ख्या शरीराचा भार वर उचलला जातो. दिवसातून कित्येकदा आपण हे करतो. पण त्यामागे काय घडते?

स्नायूच्या प्रत्येक तंतूत प्रथिनांचे दोन प्रकारचे धागे असतात. जाड धागे मायोसिनचे, बारीक अ‍ॅक्टिनचे. मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून आला की तंतूच्या आत कॅल्शियम सुटते आणि मायोसिनची इवलीशी डोकी अ‍ॅक्टिनला धरून ओढू लागतात. विहिरीचा दोर आपण हात बदलत ओढतो, अगदी तसे. धागे स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. 1954 साली संशोधकांच्या दोन जोड्यांनी हे स्वतंत्रपणे मांडले.

या ओढीचे इंधन म्हणजे एटीपी. जोराच्या कामात त्याचा साठा दोन-तीन सेकंदच पुरतो. पुढचे काही सेकंद क्रिएटिन फॉस्फेट ते नव्याने भरून देते. त्यानंतर स्नायूत साठवलेली साखर, रक्तातली साखर आणि चरबी कामी येते. सावकाश चालताना प्राणवायू पुरेसा मिळतो, म्हणून आपण तासभरही चालू शकतो. जिना धावत चढलो तर तो कमी पडतो आणि पाय लवकर भरून येतात.

एटीपी केवळ ओढायला लागते असे नाही. धरलेली पकड सोडायलाही तेच लागते. मृत्यूनंतर ते तयार होणे थांबते, पकड सुटत नाही आणि काही तासांत शरीर ताठरते. मय्यतला गुस्ल देणाऱ्यांनी हे अनुभवलेले असते.

जिवंत स्नायूचे मात्र वेगळे. तो जितका वापरावा तितका टिकतो. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो. म्हणूनच मधुमेह असलेल्यांना जेवणानंतर थोडे चालणे फायद्याचे ठरते. साखरेची औषधे चालू असतील तर किती चालावे, हे डॉक्टरांना विचारावे.

घरातल्या दादी-नाना उठताना हात टेकू लागले, की “वय झाले” म्हणून आपण त्यांच्या हातातले प्रत्येक काम काढून घेतो. बसून राहिल्याने स्नायू आणखी झिजतात. सत्तरीनंतरही व्यायामाने त्यांचे बळ वाढू शकते. डॉक्टरांची हरकत नसेल तर त्यांना रोज काही वेळा खुर्चीवरून उठू-बसू द्यावे. आपण फक्त शेजारी उभे राहावे.