मृगापासून पेडर रोडपर्यंत

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. महाराष्ट्रातले हजारो हौशी धावपटू त्या रविवारपासून उलटे आठवडे मोजून आपलं वर्ष आखतात. ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन अंगावर न काढता धडपणे धावायची, तर पाच-सहा महिन्यांची तयारी लागते. त्यामुळे मृगाचा पाऊस स्थिरावला की सराव सुरू होतो. सप्टेंबरच्या सुमारास साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, डिसेंबरात पुणे किंवा वसई-विरार आणि मग मुंबई, असा बहुतेकांचा हंगाम.

हौशी धावपटू बँकेत असतो, शाळेत शिकवतो, दवाखाना चालवतो. धावण्यातून त्याला एक रुपया मिळत नाही, उलट बूट, प्रवेश शुल्क आणि रेल्वेची तिकिटं यांत खिसा हलका होतो. पहाटे चारचा गजर, घरातल्यांची झोपमोड होऊ नये म्हणून अंधारातच चाचपडत घातलेले मोजे आणि साडेसातपर्यंत परत येऊन डबा घेऊन कामावर. पुण्यात वेताळ टेकडी, मुंबईत मरीन ड्राइव्ह किंवा बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, कोल्हापुरात रंकाळा, नागपुरात सेमिनरी हिल्स. प्रत्येक शहराने आपापल्या वाटा ठरवून टाकल्या आहेत.

या सगळ्यांत अवघड काय असेल, तर हळू धावणं.

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कोणत्याही गटातल्या जुन्या धावपटूला विचारा, तो हेच सांगेल. नवा माणूस रोज जीव तोडून धावतो. मनगटावरचं घड्याळ कालच्यापेक्षा चांगला आकडा दाखवील, या आशेवर तो असतो आणि दोन महिन्यांत नडगी किंवा गुडघा धरून बसतो. आठवड्यातलं बरंचसं धावणं शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतक्या सावकाश वेगाने व्हायला हवं. अशा वेगात हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकायला शिकतं, स्नायूंमधल्या केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि चरबी जाळून ऊर्जा काढण्याची सवय शरीराला लागते. हाडं आणि कंडरा मात्र फुफ्फुसांपेक्षा फार सावकाश कणखर होतात. दम वाढला म्हणून पायही तयार झाले असं समजणं, हेच बहुतेक दुखापतींचं मूळ असतं.

ही पद्धत जगाला पटवून दिली ती न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनी. ते ऑकलंडमधल्या बुटांच्या कारखान्यात काम करायचे आणि स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करायचे. आठवड्याला शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर, हा पाया घालून झाल्यावरच चढ आणि वेगाचा सराव, असा त्यांचा क्रम होता. १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पीटर स्नेल आणि मरे हालबर्ग यांनी एकाच दुपारी सुवर्णपदकं मिळवली, स्नेलने ८०० मीटरमध्ये आणि हालबर्गने ५,००० मीटरमध्ये. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी स्नेल डोंगरवाटांवरून ३५ किलोमीटरचे पल्ले मारत होता. पुढे लिडियार्ड यांनी ऑकलंडमध्ये सामान्य माणसांचा, त्यांतही हृदयविकार झालेल्यांचा, जॉगिंगचा गट सुरू केला. आज आपल्याकडे रविवारी सकाळी जो ‘लाँग रन’ होतो, त्याचं मूळ तिथे सापडतं.

लांब पल्ल्याची ओढ आपल्याकडे काल-परवाची नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी मुलं पाहून दोराबजी टाटा भारावले आणि भारताने ऑलिम्पिकला जावं म्हणून त्यांनी पुढाकार घेतला, पदरचे पैसेही घातले. १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. त्या वर्षी मार्ग आजच्यापेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरचा होता. ना गुबगुबीत तळव्याचे बूट, ना वाटेत घ्यायला ऊर्जा देणाऱ्या जेलच्या पुड्या. आजही तीन तासांच्या आत मॅरेथॉन पुरी करणारा हौशी धावपटू आपल्या गटात मानाने ओळखला जातो, हे ध्यानात घेतलं म्हणजे चौगुले यांची कामगिरी केवढी होती ते कळतं. आपल्या शाळांच्या पुस्तकांत त्यांना याहून ठळक जागा मिळायला हवी. आणि दोराबजींच्या टाटा घराण्याचं नाव आज मुंबईच्या शर्यतीपुढे लागतं.

सातारा ही हंगामातली पहिली खरी परीक्षा. २०१२ साली सुरू झालेली ही अर्धमॅरेथॉन पोलिस परेड ग्राउंडवरून निघते, गावातून समर्थ मंदिराकडे जाते आणि तिथून यवतेश्वरचा घाट चढू लागते. पुढे कासचं पठार फुलांवर आलेलं असतं, पण धावणारे तिथवर पोहोचत नाहीत. अलीकडेच वळण घेऊन परत फिरतात. घाटात धुकं असतं, मध्येच भुरभुर पाऊस येतो, रस्त्याच्या कडेने पाणी वाहत असतं. सातारकर वाटेवर ढोल-ताशे घेऊन उभे राहतात. चढ सगळ्यांना दिसतो आणि सगळे त्याची भीती बाळगतात. पाय खरे फुटतात ते उतारावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार झेलत असतो. अशा ताणाने स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं. म्हणूनच जाणता धावपटू चढावर पावलं आखूड टाकतो आणि घाट उतरतानाही स्वतःला सैल सोडत नाही.

दिवाळी येते तेव्हा सरावाचे सर्वांत भारी आठवडे चालू असतात. रविवारचा पल्ला २५ किलोमीटरवरून ३०-३२कडे सरकत असतो. नरकचतुर्दशीला अख्खं घर पहाटे उठतं, तेव्हा हा गडी आधीच बाहेर पडायच्या तयारीत असतो. पण फटाक्यांच्या धुराने त्या दिवसांतली पहाटेची हवा लांब पल्ल्याला वाईट असते. तेवढे चार दिवस पल्ला कमी केला, तर काही बिघडत नाही. फराळाचं म्हणाल, तर चकलीला भ्यायचं कारण नाही. सरावाच्या आदल्या रात्री मात्र तेलकट नको.

तिसाव्या किलोमीटरपुढे काय होतं, याचा हिशेब सोपा आहे. स्नायू आणि यकृत मिळून साधारण २,००० कॅलरी भरतील एवढी साखर साठवतात. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी खर्च होते. ६५ किलोच्या माणसाचा साठा अशा हिशेबाने तिशीच्या आसपास तळाला जातो. चरबी थोडी मदत करते, पण तिच्यातून ऊर्जा फार सावकाश सुटते. मग पाय शिशाचे होतात, आणि त्याला धावपटू ‘वॉल लागली’ म्हणतात. म्हणून वाटेत खजूर, चिक्की, केळं किंवा जेल घ्यायचं, आणि ते पोटाला मानवतं की नाही हे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लाँग रनमध्येच तपासून घ्यायचं.

पाण्याचं गणित याहून फसवं. ‘तहान नसली तरी पीत राहा’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो आणि तो धोक्याचा आहे. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम गरजेपेक्षा कमी आढळलं. वाटेत भरपूर पाणी प्यायलेले आणि चार तासांहून जास्त वेळ रस्त्यावर असलेले यांना धोका अधिक होता. म्हणजे नेमका आपला हौशी धावपटू. तहानेनुसार प्यावं आणि घामाबरोबर मीठ जातं याचं भान ठेवावं, एवढं पुरे.

शर्यतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे सराव उतरवत नेतात. याला ‘टेपर’ म्हणतात. या काळात अनेकांचं मन सैरभैर होतं. नसलेली दुखणी जाणवू लागतात. सराव पुरता नाही झाला अशी शंका येऊन कोणीतरी शेवटच्या आठवड्यात ३० किलोमीटर धावून येतो आणि रविवारी दमलेल्या पायांनी उभा राहतो.

मुंबईत हौशींची पूर्ण मॅरेथॉन पहाटे पाचला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटते. अंधारातला मरीन ड्राइव्ह आणि एरवी पायी कोणालाच न मिळणारा सागरी सेतू, इथवर सगळं मजेत असतं. परतीला ऊन चढतं. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि त्याच वेगासाठी हृदयाचे ठोके वाढत जातात. या शर्यतीचा पुरुषांचा विक्रम २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांचा, २०२३ साली इथिओपियाच्या हायले लेमीने केलेला. हौशी माणूस त्याच्या दुपटीहून जास्त वेळ रस्त्यावर असतो, आणि त्यातला शेवटचा तास-दीड तास उन्हातला. पेडर रोडचा चढ एरवी गाडीतून जाताना जाणवतही नाही, पण पस्तिसाव्या किलोमीटरनंतर तो समोर आला की रांगच्या रांग चालू लागते. तिथल्या इमारतींतली माणसं मात्र सकाळपासून फुटपाथवर संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, मिठाच्या पुड्या घेऊन उभी असतात, आणि छातीवरच्या बिबवरचं नाव वाचून हाका मारतात.

पदक मिळाल्यावर दोन आठवडे विश्रांती, मग सावकाश धावणं. ज्यांनी मॅरेथॉन ४ तास ५० मिनिटांच्या आत संपवली, त्यांच्यातले काही लगेच दक्षिण आफ्रिकेच्या कॉम्रेड्सकडे वळतात. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९२१ साली सुरू झालेली ही शर्यत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग यांच्यामध्ये डोंगराळ रस्त्यावर जवळजवळ ९० किलोमीटर चालते, आणि ती बारा तासांत पुरी करावी लागते. शर्यत जूनच्या सुमारास असते, म्हणून तिचे सर्वांत लांब पल्ले एप्रिल-मे महिन्यांत येतात. पुण्या-मुंबईचे कॉम्रेड्सवाले मग मध्यरात्रीनंतर दोन-तीनलाच घराबाहेर पडतात, पाठीवर पाण्याची पिशवी आणि कपाळावर दिवा बांधून, म्हणजे ऊन तापायच्या आत ५०-६० किलोमीटर हातावेगळे होतात.