विसावा आणि शीण: विमानाच्या धातूची कथा

आपल्याकडील लोहार कोयत्याला किंवा फाळाला ‘पाणी देतो’, म्हणजे भट्टीत लालबुंद झालेले पोलाद पाण्यात बुडवून त्याला धार टिकेल असा कठीणपणा आणतो, हे ज्याने लहानपणी ऐरणीशेजारी उभे राहून पाहिले आहे, त्याला धातूच्या अंगचे बळ अग्नी आणि जल यांच्या क्षणार्धाच्या संघर्षातून जन्मास येते असेच वाटत आलेले असते. पोलादापुरते ते खरेही आहे. परंतु ज्या धातूच्या पत्र्यावर विसंबून मनुष्य दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून निर्धास्तपणे प्रवास करू लागला, त्या धातूचे बळ भट्टीत येत नाही आणि पाण्यातही येत नाही. ते त्यानंतरच्या विसाव्यात येते. त्याचा घात मात्र बहुधा शिणाने होतो. विमानास लागणाऱ्या सामग्रीचा इतिहास चाळताना विसावा आणि शीण या दोन शब्दांइतके मार्गदर्शक शब्द मला दुसरे आढळले नाहीत. म्हणून त्यांच्याच अनुरोधाने ही कथा सांगतो.

17 डिसेंबर 1903 रोजी अमेरिकेतील किटी हॉकच्या वाळूवरून राइट बंधूंचे जे यंत्र उडाले, त्याचा सांगाडा स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडाचा होता आणि पंखांवर साधे सुती कापड ताणून बसविलेले होते. त्या यंत्रात भविष्यकाळाची चाहूल एकाच ठिकाणी होती. इंजिनाचे वजन कमी व्हावे म्हणून त्याचे कवच ॲल्युमिनियममध्ये शेकडा 8 भाग तांबे घालून ओतले होते. पुढे कित्येक दशकांनी संशोधकांनी त्या कवचाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा साच्यात निवताना तांब्याचे अतिसूक्ष्म कण धातूच्या अंगात विखरून त्याला बळ आलेले आहे, असे दिसून आले. ज्या गुणावर पुढची सारी विमानविद्या उभी राहावयाची होती, तो गुण पहिल्याच उड्डाणात अज्ञातपणे हजर होता.

ॲल्युमिनियम स्वस्त झाले ते 1886 नंतर, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघा तरुणांनी एकमेकांच्या नकळत विजेच्या साहाय्याने ते वेगळे करण्याची रीत शोधली तेव्हापासून. परंतु शुद्ध स्थितीत हा धातू इतका मऊ की, त्याच्यावर कोणताही भार टाकण्यास अभियंता धजावला नसता. पोलादाप्रमाणे त्यालाही ‘पाणी देता’ येईल काय, हा प्रश्न बर्लिनजवळच्या नॉयबाबेल्सबेर्ग येथील एका संशोधनसंस्थेत आल्फ्रेड विल्म हा धातुशास्त्रज्ञ हाताळीत होता. 1906 साली त्याने ॲल्युमिनियममध्ये शेकडा सुमारे 4 भाग तांबे आणि अर्धा भाग मॅग्नेशियम मिसळून ती मिश्रधातू सुमारे 520 अंश सेल्सिअसपर्यंत तापविली आणि पाण्यात बुडविली. शनिवारी मोजमाप घेतले तेव्हा हाती विशेष काही लागले नाही. सोमवारी पुन्हा मोजमाप घेतले, तो तोच तुकडा कितीतरी अधिक कठीण झालेला! मधल्या दिवसांत त्याला कोणी तापविले नव्हते, ठोकले नव्हते. तो केवळ मेजावर पडून होता.

या विसाव्यात काय घडते? तापलेल्या ॲल्युमिनियममध्ये तांब्याचे अणू साखर दुधात विरघळावी तसे विरघळून जातात. अकस्मात थंड केल्याने त्यांना बाहेर पडण्यास अवसर मिळत नाही आणि ते जागच्या जागी कोंडले जातात. मग तासातासाने, दिवसादिवसाने ते हळूहळू एकत्र येऊन काही थोड्या अणूंच्या जाडीच्या चकत्या तयार करतात. धातू वाकतो तो त्यातील अणूंचे थर एकमेकांवरून सरकल्यामुळे. या चकत्या त्या सरकण्याच्या वाटेवर जणू चौक्या बसवितात आणि धातू वाकेनासा होतो. क्ष-किरणांच्या आधाराने फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी हे रहस्य स्वतंत्रपणे उलगडले ते 1938 मध्ये. विल्म 1937 सालीच निवर्तला होता. धातुशास्त्राचा व्यासंग सोडून तो शेतीकडे वळला होता. आपल्या शोधाचे कारण त्याला अखेरपर्यंत पुरते कळले नाही.

ड्यूरेन या गावच्या कारखान्याने ही मिश्रधातू 1909 पासून बाजारात आणली आणि गावाच्या नावावरून तिला ‘ड्युरॅल्युमिन’ असे नाव पडले. वजनाने पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश आणि बळाने साध्या पोलादाच्या तोडीची अशी ही वस्तू प्रथम झेपेलिनच्या हवाई जहाजांत आणि 1919 पासून युंकर्सच्या प्रवासी विमानांत आली. विसाव्याच्या या गुणाने कारागिरांपुढे एक विलक्षण अडचणही उभी केली. पत्रे जोडण्याचे रिव्हेटही याच जातीच्या मिश्रधातूचे. पाण्यातून काढल्यावर ते काही वेळ मऊ असतात, मग कठीण होत जातात, आणि कठीण झालेला रिव्हेट ठोकू गेल्यास त्याचे डोके चिरते. यावर तोड निघाली ती अशी की, रिव्हेट बर्फाच्या पेटीत ठेवावयाचे, म्हणजे गारठ्यात अणूंची ती हालचाल थबकते. आणि ऐन कामाच्या वेळी मोजके रिव्हेट बाहेर काढून थोड्याच मिनिटांत ठोकून मोकळे व्हावयाचे. मग तो रिव्हेट आपल्या भोकात बसल्या बसल्या, रात्री कारखान्यात सामसूम झाल्यावर, आपोआप कठीण होत जातो. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1940 च्या डिसेंबरात बंगळुरास हिंदुस्तान एअरक्राफ्टचा कारखाना उभा केला, तेव्हा ही विद्या आपल्या देशातल्या हातांपर्यंत येऊन पोहोचली.

आता शिणाकडे वळू. तार तोडावयाची आणि हाताशी पक्कड नाही, अशा वेळी आपण ती एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवितो. एका वेळच्या वाकविण्याने तिला काहीच होत नाही. विसाव्या-पंचविसाव्या खेपेस ती तुटते. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला, तेव्हापासून अभियंत्यांचे लक्ष या प्रकाराकडे वेधले, आणि ऑगस्ट वोलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून सिद्ध केले की, एका खेपेस धातू जो भार सहज पेलतो, तोच भार लक्षावधी वेळा दिल्यास त्याचा चुराडा करू शकतो. हे ज्ञान दप्तरी होते. तरी आकाशात त्याची किंमत पुन्हा मोजावी लागली.

2 मे 1952 रोजी ब्रिटिश ‘कॉमेट’ हे जगातील पहिले जेट प्रवासी विमान लंडनहून जोहान्सबर्गला निघाले. उंचावरील विरळ हवेत प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून विमानात हवा कोंडून दाब राखावा लागतो. प्रत्येक उड्डाणात विमानाचे अंग फुगते आणि उतरल्यावर सैल पडते. विमान असा एकेक श्वास घेत असते, आणि प्रत्येक श्वास म्हणजे तारेचे एकदा वाकणे. 10 जानेवारी 1954 रोजी सिंगापूरहून कलकत्ता, कराची अशी ठाणी घेत आलेले कॉमेट रोमहून उडाल्यावर एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले आणि 35 जीव गेले. चौकशीचा निकाल लागण्यापूर्वीच उड्डाणे पुन्हा सुरू झाली, आणि 8 एप्रिलला दुसरे कॉमेट नेपल्सजवळ 21 जणांसह नाहीसे झाले.

मग फार्नबरो येथील संशोधनसंस्थेत सर आर्नल्ड हॉल यांच्या देखरेखीखाली जो प्रयोग झाला, तो विमानविद्येच्या इतिहासात पूज्य मानावा असा आहे. एक आख्खे कॉमेट पोलादी टाकीत ठेवले. पंख दोन्ही बाजूंनी बाहेर काढले. विमानाच्या आत व बाहेर पाणी भरले. हवेऐवजी पाणी अशासाठी की, पाणी दबत नाही, त्यामुळे पत्रा फाटला तरी स्फोट होत नाही आणि चीर जिथली तिथे सापडते. आतील पाण्याचा दाब वाढवावयाचा, उतरवावयाचा, पंख यंत्रांनी वरखाली वाकवावयाचे, असे रात्रंदिवस चालले. या विमानाने आधी 1,221 उड्डाणे केली होती. टाकीतली 1,836 धरून एकूण 3,057 झाली आणि विमानाच्या अंगावरच्या एका चौकटीच्या कोपऱ्यापाशी, रिव्हेटच्या भोकाजवळून, पत्रा फाटला. एल्बाजवळ समुद्रतळातून वर काढलेल्या अवशेषांतही तोच दाखला मिळाला: छतावरील, आकाशकासाठी (अँटेनासाठी) ठेवलेल्या झरोक्याच्या कोपऱ्यात चिरेचा उगम होता.

मला याहूनही अधिक अंतर्मुख करणारा तपशील पुढे आहे. कारखानदारांनी कसोटी घेतली नव्हती असे नाही; विमानाच्या एका नमुनाखंडाने सोळा हजारांहून अधिक दाब सोसले होते. पण त्या खंडाला आधी दुप्पट दाब देऊन त्याच्या बळाची परीक्षा घेतलेली होती. त्या एका ताणाने भोकांभोवतीचा धातू किंचित आवळला जाऊन चिरांना प्रतिकार करणारा बनला होता. परीक्षेनेच परीक्षार्थी बदलला होता, आणि त्याचे गुणपत्रक दुसऱ्याच्या नावे लागले. येथे कोणी लबाडी केली नव्हती. धातू जे बोलला ते नीट ऐकले गेले नव्हते, इतकेच.

पुढे प्रत्येक नव्या सामग्रीने हाच धडा निराळ्या शब्दांत शिकविला. ध्वनीच्या तिप्पट वेगाने जाणाऱ्या विमानासाठी 1960 च्या सुमारास अमेरिकेतील लॉकहीड कंपनीने टायटॅनियम हाती घेतले, तेव्हा उन्हाळ्यात केलेले सांधे निकामी होत आणि हिवाळ्यातले टिकत. शोध घेता असे कळले की, बर्बँकच्या नळाच्या पाण्यात उन्हाळ्यात शेवाळ होऊ नये म्हणून क्लोरीन अधिक घालीत, आणि त्याच पाण्याने भाग धुतले जात. आपल्या नव्या जेट इंजिनाच्या पंख्यासाठी कार्बनच्या तंतूंचे पाते रोल्स-रॉइसने मोठ्या हौसेने बनविले. पक्ष्याच्या आघाताच्या कसोटीत ते टिकले नाही, टायटॅनियमकडे परतावे लागले, आणि त्या इंजिनाच्या वाढत्या खर्चाने 4 फेब्रुवारी 1971 रोजी त्या मातबर कंपनीचे दिवाळे वाजले. तरीही त्या तंतूंनी हार मानली नाही. आज आपल्या ‘तेजस’ विमानाच्या सांगाड्याच्या वजनात सुमारे शेकडा 45 भाग त्यांचा आहे, आणि बोइंगच्या 787 मध्ये निम्मा. त्यांना गंज चढत नाही, शीणही धातूच्या मानाने फार कमी. म्हणूनच 787 च्या प्रवाशांना 8,000 ऐवजी 6,000 फुटांवरची, अधिक दाट हवा देता येते. परंतु धातूवर हत्यार पडले तर पोचा दिसतो. या सामग्रीत वरचा पृष्ठभाग गुळगुळीत राहून आतले थर सुटलेले असू शकतात. दोष नाहीसा झाला नाही; तो दृष्टीआड गेला.

सारांश, थकणार नाही अशी सामग्री अद्याप कोणाला सापडलेली नाही. कॉमेटनंतर अभियंत्यांनी ही गोष्ट प्रांजळपणे मान्य केली आणि चीर पडणारच असे गृहीत धरून ती घातक होण्याआधी हुडकून काढण्याचा बंदोबस्त केला. ओझरच्या विमान कारखान्यात असो वा मुंबईच्या विमानतळावरील तपासणीशाळेत असो, रात्रपाळीला हातात दिवा आणि ध्वनिलहरींचे उपकरण घेऊन रिव्हेटच्या ओळीमागून ओळ तपासणारा तंत्रज्ञ हा त्या बंदोबस्ताचा शेवटचा आणि सर्वांत मोलाचा पहारेकरी होय. त्याच्या नोंदवहीतील एका खऱ्या नोंदीवर शेकडो जीव विसंबलेले असतात. तेव्हा वाचकहो, तपासणीसाठी विमान खोळंबल्याची घोषणा विमानतळावर पुन्हा कधी ऐकाल, तेव्हा त्या उशिराबद्दल कुरकुर करू नका. ज्याने तो उशीर केला, त्याचे मनोमन आभार माना.