समुद्रापलीकडचे सालगडी

मुलांनो, जगाच्या नकाशात जर्मनी हा देश शोधा. त्याच्या नैर्ऋत्य भागात स्टुटगार्ट शहराजवळ बॉबलिंगेन हे गाव आहे. पावणेतीनशे वर्षांपूर्वी येथे व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकचे राज्य होते. बापाची जमीन सर्व मुलांत वाटली जाई. वाटण्या होता होता शेते अगदी लहान झाली. त्यांवर घर चालेना. म्हणून या मुलुखातील कित्येक कुटुंबे अमेरिकेला निघाली. तेथे पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांच्या वसाहती होत्या.

याच मुलुखातील गॉटलीब मिटलबेर्गर नावाचे शिक्षक १७५० साली अमेरिकेला गेले. नावेतून नेकर व ऱ्हाईन या नद्यांमार्गे हॉलंड आणि तेथून जहाजाने फिलाडेल्फिया, असा हा प्रवास होता. जहाजात माणसांची दाटी असे. पिण्याचे पाणी घाण होई. अनेक जण वाटेतच दगावत.

ज्यांच्याजवळ भाड्याचे पैसे नसत, त्यांना कप्तान जहाजातून उतरू देत नसे. मग शेतकरी व व्यापारी जहाजावर येत. ते भाडे भरत आणि त्या बदल्यात माणसे कामाला नेत. मोठ्यांना तीन ते सहा वर्षे राबावे लागे. दहा-पंधरा वर्षांच्या मुलांना तर एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत सुटका नसे. आपल्याकडचा सालगडी वर्षाच्या करारावर राहतो. येथे मात्र आईबाप एका गावी आणि मूल दुसऱ्या गावी, असे होई. पुष्कळदा त्यांची पुन्हा भेटही होत नसे.

मुले लाकडे फोडत, गुरे राखत. मुली सूत कातत, लोणी काढत. शेतात गहू पिके. चार-सहा घोड्यांच्या मोठ्या गाड्यांतून गहू आणि पीठ फिलाडेल्फियाच्या बाजारात जाई. तेथून पीठ जहाजाने वेस्ट इंडीज बेटांवर जाई आणि तिकडून साखर व काकवी येई. त्या बेटांवर उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत. त्यांच्या कामाला मुदतच नव्हती.

मिटलबेर्गर १७५४ साली मायदेशी परतले. आपल्या लोकांना सावध करण्यासाठी त्यांनी प्रवासाची हकिकत छापली. १७६४ साली फिलाडेल्फियातील जर्मन लोकांनी एक संस्था स्थापन केली. नव्याने येणाऱ्यांना ती मदत करू लागली.

मुदत संपली की माणूस मोकळा होई. मग तो स्वतःसाठी काम करी, पैसे साठवी आणि जमले तर जमीन घेई. दुकानातून साखर आणाल, तेव्हा त्या मुलांची आठवण ठेवा.