जेन्सन रोमन मुद्राक्षर

रोमन लिपीच्या छपाईसाठी घडविलेल्या मुद्राक्षरांचे एक अभिजात वळण. फ्रान्समधून व्हेनिसला येऊन स्थायिक झालेला मुद्रक निकोलस जेन्सन (सु. १४२०–८०) याने ते तयार केले व १४७० मध्ये युसीबियसच्या ग्रंथासाठी वापरले. प्रबोधनकालीन इटलीतील मानवतावादी विद्वान प्राचीन लॅटिन ग्रंथांच्या नकला ज्या मोकळ्या, गोलसर हस्ताक्षरात करीत, त्याचा आधार या वळणाला आहे. त्यावरूनच या वर्गातील मुद्राक्षरांना ‘मानवतावादी’ हे नाव पडले.

जेन्सन मूळचा टांकसाळीतील कारागीर. पोलादी ठसा कोरणे, त्यावरून तांब्याची मातृका करणे व तीतून खिळे ओतणे, या कामी त्याचे हे कौशल्य उपयोगी पडले. तथापि धातूत उतरलेल्या त्याच्या अक्षरांत लेखणीची गती कायम राहिली. रुंद टोकाची लेखणी तिरपी धरून लिहिल्यास वळणारी रेषा क्रमाक्रमाने जाड व बारीक होते. त्यामुळे गोल ‘ओ’चा अक्ष डावीकडे कलतो. लहान ‘ई’मधील आडवी रेषा उजवीकडे वर चढते. जाड व बारीक रेषांतील फरक माफक असून, दांड्यांच्या टोकांचे आडवे फाटे (सेरिफ) दांड्यांत हळुवारपणे मिसळतात. परिणामतः शब्द एकसंध व पानाचा काळेपणा सम दिसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या वळणाचे पुनरुज्जीवन सुरू झाले. मूळ ठसे उरले नव्हते. आधार होता तो फक्त छापील पानांचा. ओलसर हातकागदावर दाबाने छापताना शाई अक्षराच्या कडांबाहेर पसरते. तेव्हा अनुकरण कोरलेल्या अक्षराचे करावयाचे की त्याच्या पसरलेल्या छापाचे, हा प्रश्न उद्‌भवला. विल्यम मॉरिसचे ‘गोल्डन’ (१८९०) जाड व काळेभोर झाले. लंडनच्या डव्ह्‌ज मुद्रणालयाचे मुद्राक्षर त्याहून हलके होते. त्याचे खिळे कॉब्डन-सँडरसनने १९१६-१७ मध्ये थेम्स नदीत फेकले, त्यांपैकी सु. १५० खिळे २०१४ मध्ये पाणबुड्यांनी बाहेर काढले. अमेरिकन ग्रंथरचनाकार ब्रूस रॉजर्सचे ‘सेंटॉर’ (१९१४) सर्वांत नाजूक असून, १९२९ मध्ये मोनोटाइप कंपनीने ते यांत्रिक जुळणीसाठी उपलब्ध केले. ऑक्सफर्डचे १९३५ चे भव्य बायबल त्यातच छापलेले आहे.

प्रतिरूप मुद्रणात (ऑफसेटमध्ये) खिळ्याचा दाब नसल्याने शाई तशी पसरत नाही व सेंटॉरसारखे नाजूक अक्षर लहान आकारात फिके दिसते. १९९६ मध्ये रॉबर्ट स्लिमबाखने संगणकासाठी केलेल्या ‘अडोबी जेन्सन’मध्ये लहान व मोठ्या आकारांसाठी रेषांची जाडी वेगवेगळी ठेवता येते. काव्य, चरित्र, इतिहास अशा सलग वाचनाच्या व ऐसपैस समासांच्या ग्रंथांना हे वळण शोभते. वृत्तपत्रांचे अरुंद स्तंभ, कोष्टके व सूच्या यांसाठी ते सोयीचे नाही.